इंटरप्रिटर लिहिताय? मग एक्झिट कोडकडेही बघा

मी हौसेने पहिला इंटरप्रिटर (प्रोग्राम वाचून थेट राबवणारा प्रोग्राम) लिहिला तेव्हा त्यात फंक्शनं होती, क्लोजर होते, आणि चूक झाली की ओळ क्रमांकासकट लाल अक्षरांत छान संदेश यायचा. त्या भाषेतल्या टेस्ट एका बिल्ड स्क्रिप्टमधून चालायच्या आणि रोज पास व्हायच्या. काही आठवड्यांनी सहज लॉग उघडून पाहिला, तर निम्म्या टेस्ट पहिल्या दोन-तीन ओळींतच आपटत होत्या. संदेश छापून झाला की माझा इंटरप्रिटर मुकाट्याने मेन फंक्शनच्या तळाशी पोचायचा आणि शून्य परत करायचा. बिल्ड स्क्रिप्ट लाल अक्षरं वाचत नाही, ती एक आकडा बघते. शून्य दिसलं की ती पुढे जाते.

त्या आकड्याला एक्झिट कोड म्हणतात. तुमचा छोटा इंटरप्रिटर चालू लागला असेल, म्हणजे पार्सर (प्रोग्रामच्या मजकुराचं झाड करणारा भाग) आहे, झाड चालत चालत प्रोग्राम राबवणारा भाग आहे, तर पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी. उदाहरणांपुरती आपली भाषा मराठी कीवर्डची धरू: ‘छाप’, ‘प्रयत्न’, ‘पकड’, ‘शेवटी’ आणि प्रोग्राम थांबवणारं ‘संपव’. इंटरप्रिटर तुम्ही सीमध्ये लिहा, रस्टमध्ये लिहा की पायथनमध्ये, मुद्दे तेच राहतात.

पायरी १: आकडा जातो कुठे ते स्वतः बघा

प्रोसेस संपली की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) तिची अखेरची स्थिती जपून ठेवतो आणि पेरेंट प्रोसेसने (तिला सुरू करणारीने) ‘वेट’ केलं की तिच्या हातात देतो. शून्य म्हणजे काम झालं, शून्याखेरीज काहीही म्हणजे झालं नाही. शेलमध्ये, म्हणजे टर्मिनलवर कमांड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, ही स्थिती `$?` मध्ये मिळते. कोणतीही कमांड चालवा आणि लगेच `$?` इको करा. मग तोच इको पुन्हा करा. दुसऱ्यांदा शून्यच दिसेल, कारण आता तो आकडा पहिल्या इकोचा आहे. नवखी माणसं इथे हमखास फसतात. कोड पुढे वापरायचा असेल तर आधी एखाद्या व्हेरिएबलमध्ये ठेवून घ्या.

युनिक्स घराण्यात ‘वेट’मधून पेरेंटपर्यंत फक्त खालचे ८ बिट पोचतात, म्हणजे ० ते २५५. तुम्ही -१ दिलंत तर पलीकडे २५५ दिसतं. २५६ दिलंत तर शून्य दिसतं. हे दुसरं जास्त घातक. एखाद्या स्क्रिप्टने ‘किती फाइल बिघडल्या’ ती संख्याच एक्झिट कोड म्हणून दिली आणि नेमक्या २५६ बिघडल्या, तर जगाच्या दृष्टीने सगळं आलबेल. मोजणी छापायची असते, कोडमधून पाठवायची नसते.

अजून एक बारकावा आत्ताच लक्षात ठेवा, पायरी ६ आणि ७ मध्ये लागेल. ‘वेट’ जे देतो तो नुसता एक्झिट कोड नसतो, एक गाठोडं असतं. लिनक्सवर त्या गाठोड्यात एक्झिट कोड वरच्या ८ बिटांत बसतो, आणि प्रोसेस सिग्नलने (बाहेरून आलेल्या ‘थांब’सारख्या सूचनेने) मेली असेल तर सिग्नलचा क्रमांक खालच्या ७ बिटांत. म्हणून १ देऊन संपलेल्या प्रोसेसचं कच्चं गाठोडं २५६ दिसतं आणि सिग्नल ९ ने मारलेलीचं ९. गाठोडं सोडायला सीमध्ये तयार मॅक्रो आहेत. ते वापरा, बिट स्वतः सरकवत बसू नका.

पायरी २: स्क्रिप्ट किती तऱ्हांनी संपते ते लिहून काढा

कोड लिहिण्याआधी कागद घ्या. स्क्रिप्ट शेवटच्या ओळीपर्यंत नीट चालते. ‘संपव’ म्हणून स्वतः थांबते. न पकडलेली चूक वर येते. व्याकरणाचीच चूक असते आणि एकही ओळ चालत नाही. फाइल सापडत नाही किंवा वाचायची परवानगी नसते. वापरणाऱ्याने चुकीचा पर्याय दिलेला असतो. कोणी कंट्रोल-सी दाबतं. डिस्क भरल्यामुळे आउटपुट लिहिताच येत नाही. आणि शेवटची, आपल्याला न आवडणारी तऱ्हा: स्क्रिप्ट बरोबर असते, बग तुमच्या इंटरप्रिटरमध्ये असतो.

या सगळ्यांत शून्याचा हक्क पहिल्या तऱ्हेला आहे, आणि दुसरीला फक्त स्क्रिप्टने तसं सांगितलं तर. बाकीच्यांना कोणते आकडे द्यायचे यावर एकमत नाही. पायथन न पकडलेल्या एक्सेप्शनला १ आणि चुकीच्या कमांड-लाइन पर्यायाला २ देतं. पीएचपी फेटल एररला २५५ देतं, गोमधल्या पॅनिकचा (प्रोग्राम कोसळण्याचा) कोड २, रस्टमधल्याचा १०१. बीएसडी या युनिक्सच्या शाखेकडून आलेली एक ६४ ते ७८ अशी यादीही आहे: ६४ म्हणजे वापर चुकला, ६५ म्हणजे इनपुटमध्ये खोट, ७० म्हणजे सॉफ्टवेअरचा अंतर्गत दोष, ७४ म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली अडचण.

माझं मत विचाराल तर न पकडलेल्या चुकीला आणि व्याकरणाच्या चुकीला १, चुकीच्या पर्यायाला २ आणि स्वतःच्या बगला ७०. व्याकरणासाठी वेगळा ६५ हवासा वाटला तर द्या, बिघडत नाही. मात्र १२६, १२७ आणि १२८ च्या पुढचे आकडे स्वतःहून वाटू नका. शेल ‘फाइल आहे पण चालवता येत नाही’ यासाठी १२६, ‘कमांड सापडलीच नाही’ यासाठी १२७ आणि सिग्नलने मेलेल्या प्रोसेससाठी १२८ अधिक सिग्नल क्रमांक वापरतो. तुमच्या इंटरप्रिटरने टाइपच्या चुकीला १३७ दिला, तर रात्री कोणीतरी मेमरी संपली असेल म्हणून सर्व्हर तपासत बसेल, कारण १३७ म्हणजे सिग्नल ९ ने मारलेली प्रोसेस असाच त्याचा अनुभव असतो.

एक गोष्ट इथेच पक्की करा: स्क्रिप्टने स्वतः दिलेला आकडा तिचा आहे. ‘संपव(२)’ म्हटलं की २ च बाहेर गेला पाहिजे, भले तुमच्या तक्त्यात २ चा अर्थ वेगळा असो. मजकूर शोधणाऱ्या ग्रेपला काही सापडलं नाही तर तो १ देतो आणि खरी अडचण आली तर २. डिफही तसाच: फाइली वेगळ्या निघाल्या तर १, गडबड झाली तर २. उद्या कोणी तुमच्या भाषेत असंच हत्यार लिहिलं तर त्याचे १ आणि २ तुम्ही ढवळता कामा नयेत.

पायरी ३: बाहेर जायला एकच दार ठेवा

इंटरप्रिटरच्या पोटात, चार-पाच फंक्शनं खोल असलेल्या ठिकाणी थेट होस्ट भाषेचं (इंटरप्रिटर ज्या भाषेत लिहिलाय तिचं) एक्झिट बोलवायचा मोह सगळ्यांना होतो. करू नका. तिथून उडी मारलीत की ‘शेवटी’चे ब्लॉक चालत नाहीत, उघड्या फाइली तशाच राहतात, आणि कोणी तुमचा इंटरप्रिटर लायब्ररी म्हणून वापरत असेल तर त्याचा अख्खा प्रोग्राम बंद पडतो. आतल्या प्रत्येक थराने निकाल वर द्यावा आणि प्रोसेस फक्त मेनने संपवावी. साधारण असं:

```
मेन(पर्याय):
    पर्याय चुकीचे?            → मदत एररच्या वाटेवर छाप, कोड = २
    फाइल वाचता आली नाही?       → कारण छाप, कोड = १
    व्याकरण चुकलं?            → ओळ दाखव, कोड = १
    नाहीतर                  → निकाल = चालव(झाड)
        निकाल नीट संपला      → कोड = ०
        निकाल ‘संपव(क)’     → कोड = क
        निकाल न पकडलेली चूक  → माग (चूक कोणत्या कॉलमधून आली ती वाट) छाप, कोड = १
    शेवटचे हुक (संपताना चालवायला नोंदवलेली फंक्शनं) चालव
    आउटपुट फ्लश कर (साठलेलं बाहेर लिही); जमलं नाही आणि कोड ० असेल तर कोड = ७४
    प्रोसेस संपव(कोड)
```

‘कोड’ हे व्हेरिएबल सुरुवातीला शून्य ठेवू नका. ७० ठेवा. एखादी वाट तुम्ही विसरलात तर बाहेर ७० पडेल आणि चूक लगेच दिसेल. माझ्या पहिल्या इंटरप्रिटरमध्ये हे केलं असतं तर ते आठवडे वाचले असते.

व्याकरण पूर्ण तपासल्यावरच पहिली ओळ चालवा, म्हणजे अर्धी स्क्रिप्ट चालून मग कंस विसरल्याचा साक्षात्कार होत नाही. आणि चुकांचे संदेश स्टँडर्ड एररवर, आउटपुट स्टँडर्ड आउटपुटवर. हे सांगायची गरज नसावी, पण असते.

पायरी ४: ‘संपव’ हे एक्सेप्शनसारखं वर न्या

वरच्या रचनेत ‘संपव’ हे खोलातून मेनपर्यंत आलं पाहिजे आणि येताना वाटेतले ‘शेवटी’ ब्लॉक चालले पाहिजेत. सोपा उपाय म्हणजे त्याला खास एक्सेप्शन करणं. पायथनही तसंच करतं: तिथलं एक्झिट म्हणजे ‘सिस्टिम-एक्झिट’ नावाचं एक्सेप्शन फेकणं.

यातून एक सापळा तयार होतो. वापरणाऱ्याने ‘काहीही आलं तरी पकड’ असं लिहिलं असेल तर तो ‘संपव’ही पकडेल आणि प्रोग्राम संपायचं नाव घेणार नाही. पायथनने हे एक्सेप्शन नेहमीच्या चुकांच्या कुळाबाहेर ठेवलं आहे. तरीही प्रकार न सांगता लिहिलेला ‘एक्सेप्ट’ ते गिळतोच. रुबीत प्रकार न सांगितलेला ‘रेस्क्यू’ फक्त नेहमीच्या चुका पकडतो, त्यामुळे एक्झिट त्यातून निसटतं. नवी भाषा घडवताय तर रुबीची वाट धरा. आपल्या भाषेतल्या साध्या ‘पकड’ला ‘संपव’ दिसूच देऊ नका.

आता ‘संपव’ला काय काय दिलं जाऊ शकतं ते बघा. काही दिलं नाही तर शून्य. पूर्णांक दिला तर तोच. ३०० दिला तर? गुपचूप ४४ होऊ देण्यापेक्षा ‘० ते २५५ मध्येच द्या’ अशी चूक फेकणं मला बरं वाटतं. मजकूर दिला तर पायथन तो एररच्या वाटेवर छापून १ देतं, ही सोय खरोखर कामाची आहे. सगळ्यात गमतीचं आहे खरं-खोटं. पायथनमध्ये ‘ट्रू’ हा १ असतो, म्हणून ‘ट्रू’ देऊन बाहेर पडलात की अपयश. रुबीत ‘ट्रू’ म्हणजे यश, कोड शून्य. एकाच शब्दाचे दोन उलटे अर्थ! तुमच्या भाषेत बूलियन सरळ नाकारा, वाद मिटला.

थ्रेड असतील तर आणखी एक निर्णय करावा लागतो. पायथनमध्ये दुसऱ्या थ्रेडमधून एक्झिट केलं तर फक्त तो थ्रेड संपतो. काहीही ठरवा, पण ठरवा आणि लिहून ठेवा. परस्परसंवादी मोडमध्ये (एकेक ओळ टाइप करून चालवताना) चूक झाली म्हणून बाहेर पडू नये हे उघड आहे. कंट्रोल-डी दाबल्यावर मी शून्य देतो. बॅश हा शेल मात्र तिथे शेवटच्या कमांडचा कोड देतो. दोन्ही चालतं.

पायरी ५: बफर रिकामा झाला का ते विचारा

‘छाप’ म्हटलं की अक्षरं लगेच बाहेर जात नाहीत, बफरमध्ये साठतात. डिस्क भरली असेल तर अडचण बफर रिकामा करताना समजते, म्हणजे स्क्रिप्ट ‘यशस्वी’ संपून गेल्यावर. त्या क्षणी फ्लशचा निकाल तपासला नाही तर रिपोर्टची फाइल अर्धवट आणि कोड शून्य. पायथनही शेवटच्या फ्लशमध्ये चूक झाली तर १२० देतं.

हे तपासायला डिस्क भरायची गरज नाही. लिनक्सवर `/डेव्ह/फुल` नावाची फाइल आहे, तिच्यात लिहायला गेलं की दर वेळी ‘जागा नाही’ असंच उत्तर मिळतं. अर्थात टर्मिनलवर नाव रोमन लिपीत टाइप करायचं. एक ओळ छापणारी स्क्रिप्ट घ्या, तिचं आउटपुट तिकडे वळवा आणि कोड बघा. शून्य आला तर या पायरीचं काम बाकी आहे.

पाइपचा, म्हणजे एका कमांडचं आउटपुट दुसरीला जोडण्याचा, प्रकार थोडा वेगळा. तुमच्या स्क्रिप्टचं आउटपुट ‘हेड’ला जोडलं आणि हेडने दहा ओळी घेऊन दार लावलं, तर पुढच्या लिहिण्यावर सिग्नल १३ येतो. सीमध्ये लिहिलेला इंटरप्रिटर तिथेच शांतपणे मरतो आणि शेलला १४१ दिसतो. पायथन आणि रस्ट हा सिग्नल सुरुवातीलाच दुर्लक्षित करतात, त्यामुळे होस्ट त्यांपैकी असेल तर तुम्हाला लिहिण्याची चूक मिळते आणि तिचा लांबलचक माग छापला जातो. वापरणाऱ्याने फक्त दहा ओळी मागितल्या होत्या, त्याला ते पुराण ऐकवू नका.

पायरी ६: सिग्नलने मरायचं तर सिग्नलनेच मरा

पुष्कळ जण इथे अर्ध्यावर थांबतात. कंट्रोल-सी आला, सफाई केली, १३० देऊन बाहेर पडलो, झालं. आकडा बरोबर आहे, कारण कंट्रोल-सी म्हणजे सिग्नल २ आणि १२८ अधिक २. पण पायरी १ मधलं गाठोडं आठवा. ‘१३० देऊन नीट संपलेली’ आणि ‘सिग्नल २ ने मेलेली’ या पेरेंटच्या लेखी दोन वेगळ्या प्रोसेस आहेत.

फरक कधी जाणवतो? बॅशच्या लूपमध्ये तुमचा इंटरप्रिटर शंभर फाइलींवर चालतोय आणि वापरणारा कंट्रोल-सी दाबतो. बॅश चाइल्ड (त्याने सुरू केलेली प्रोसेस) संपायची वाट पाहतो. चाइल्ड खरोखर त्या सिग्नलने मेली तर बॅशही लूप सोडतो. ती स्वतः एक्झिट करून संपली तर बॅश समजतो की तिने कंट्रोल-सी आपल्या कामासाठी वापरला, आणि पुढची फाइल सुरू करतो. मग वापरणारा शंभर वेळा कंट्रोल-सी दाबत आणि तुम्हाला दुवा देत बसतो.

बरोबर रीत अशी: सिग्नल आला की त्याची नोंद घ्या, ‘शेवटी’चे ब्लॉक चालवा, बफर रिकामा करा, मग त्या सिग्नलची वागणूक मूळ स्थितीवर आणा आणि तोच सिग्नल स्वतःला पाठवा. पायथनमध्येही हे ३.८ आवृत्तीपासून नीट झालं. त्या ओळीच्या खाली १२८ अधिक सिग्नल क्रमांकाचा साधा एक्झिट जरूर ठेवा, कारण कंटेनरमध्ये तुमची प्रोसेस क्रमांक १ असेल तर कर्नल तिच्यावर असे मूळ वागणुकीचे सिग्नल लागू करत नाही आणि ती जिवंतच राहते.

एक जवळचा विषय. स्क्रिप्टमध्ये न थांबणारी रिकर्शन (स्वतःलाच बोलावत राहणारं फंक्शन) असेल तर झाड चालणारा इंटरप्रिटर होस्टचा स्टॅक (कॉलची नोंद ठेवणारी मर्यादित जागा) संपवतो आणि १३९ किंवा १३४ देऊन कोसळतो. ही स्क्रिप्टची चूक आहे, तिचा कोड १ असायला हवा आणि माग छापला गेला पाहिजे. कॉलची खोली मोजणारा काउंटर ठेवा, एवढंच.

पायरी ७: स्क्रिप्टने चालवलेल्या कमांडचा निकाल

तुमच्या भाषेत बाहेरची कमांड चालवायची सोय असेल तर ती काय परत करते? कच्चं गाठोडं परत करू नका. पायथनच्या जुन्या ‘ओएस-सिस्टिम’ने युनिक्सवर तेच केलं आणि त्यातून एक अप्रतिम बग जन्मतो. कोणीतरी लिहितं: कमांड चालव आणि तिने जे दिलं तेच देऊन बाहेर पड. कमांड १ देऊन अपयशी ठरते, गाठोडं २५६ होतं, २५६ चे खालचे ८ बिट शून्य. अपयशाचं यश झालं! पर्लमध्ये हेच गाठोडं `$?` मध्ये येतं आणि ते ८ बिट उजवीकडे सरकवायचं हे पर्लवाल्यांना पाठ असतं. पायथनने ३.९ मध्ये गाठोड्याचा कोड करून देणारं फंक्शन आणलं. तिथलं सबप्रोसेस मॉड्यूल सिग्नलने मेलेल्या प्रोसेससाठी उणे आकडा देतं, म्हणजे सिग्नल ९ असेल तर -९. हा उणे आकडाही तसाच बाहेर पाठवू नका: -९ चा २४७ होतो आणि त्यावरून कोणालाच काही कळत नाही.

मी दोन खाती असलेली वस्तू परत करतो, ‘कोड’ आणि ‘सिग्नल’, आणि त्यातलं एकच भरलेलं असतं. कमांड सापडलीच नाही तर निकाल न देता चूक फेकतो. जोडीला ‘अपयश आलं तर आपोआप चूक फेक’ असा पर्यायही द्या, कारण निकाल तपासायला माणसं विसरतात आणि शेलमध्ये तर तो विसरणं हीच रीत आहे. पाइपलाइन देणार असाल तर लक्षात घ्या की शेलमध्ये मुळात फक्त शेवटच्या कमांडचा कोड मोजला जातो. मधली पडली तर पत्ता लागत नाही. त्यासाठीचा ‘पाइपफेल’ पर्याय पॉझिक्स या युनिक्सच्या मानकात २०२४ मध्ये आला.

इंटरप्रिटर सुरू करण्यासाठी छोटी शेल स्क्रिप्ट ठेवली असेल तर तिच्या शेवटच्या ओळीत ‘एक्झेक’ वापरा. मग शेलची जागा इंटरप्रिटरच घेतो आणि मध्ये उभी राहून कोड आणि सिग्नल अडवणारी प्रोसेसच उरत नाही.

पायरी ८: विंडोज

तिथे एक्झिट कोड ३२ बिटांचा असतो, कापाकापी होत नाही. चुकीच्या मेमरीला हात लावून कोसळलेली प्रोसेस ३२२१२२५४७७ देते, तोच आकडा काही ठिकाणी -१०७३७४१८१९ असा दिसतो. २५९ टाळा, कारण ‘प्रोसेस अजून चालू आहे’ यासाठी तोच आकडा वापरला जातो. बॅच फाइलमध्ये ‘इफ एररलेव्हल १’ म्हणजे ‘एक किंवा त्याहून मोठा’, त्यामुळे उणे कोड त्यातून निसटतो. दोन्हीकडे चालावं म्हणून ‘संपव’ची ० ते २५५ ही मर्यादा विंडोजवरही तशीच ठेवा.

पायरी ९: टेस्ट लिहा, आणि त्या बाहेरून चालवा

इंटरप्रिटरच्या आतून बोलावलेली टेस्ट इथे उपयोगाची नाही. खरी प्रोसेस सुरू करा, ती संपू द्या, मग कोड तपासा. पायरी २ मधल्या कागदावरच्या प्रत्येक तऱ्हेला एक टेस्ट: रिकामी फाइल, ‘संपव(०)’, ‘संपव(३)’, ‘संपव(२५६)’, ‘पकड’च्या आतलं ‘संपव’, ‘शेवटी’च्या आतलं ‘संपव’, न पकडलेली चूक, तुटका कंस, नसलेली फाइल, `/डेव्ह/फुल`, हेडला जोडलेला पाइप, न थांबणारी रिकर्शन, आणि चालू असताना पाठवलेला सिग्नल २. या शेवटच्या टेस्टमध्ये १३० शोधू नका, ‘सिग्नलने मेली का’ हे विचारा.

न संपणाऱ्या स्क्रिप्टसाठी टेस्ट ‘टाइमआउट’ कमांडमधून चालवा, वेळ संपली तर ती १२४ देते. आणि कधी गिट बायसेक्टने (जुन्या आवृत्त्या तपासत बग कुठे घुसला ते शोधणाऱ्या हत्याराने) जुना बग शोधायची वेळ आली तर १२५ हा आकडा ‘ही आवृत्ती तपासता येत नाही, सोडून दे’ यासाठी राखलेला आहे. बायसेक्टला १ ते १२७ मधला बाकी कोणताही आकडा ‘वाईट’ वाटतो आणि १२८ व त्यावरचा आला की तो शोधच थांबवतो. बायसेक्टच्या मधोमध इंटरप्रिटर १३९ देऊन कोसळू लागला तर तो एका छोट्या स्क्रिप्टमधून चालवा आणि १२७ च्या वरचा प्रत्येक कोड तिथे १ करून घ्या.